कोणाच्या नावावर

"बेटे के लिए बनवा रहे हो क्या, मॅडम?"

काउंटरपलीकडच्या माणसाने वर न बघताच विचारलं. एका हातात कॅल्क्युलेटर, मान वाकडी करून खांद्यात दाबलेला फोन, समोर माझी यादी. फोनवर तो कोणाला तरी रॅमचा भाव सांगत होता आणि मधल्या श्वासात मला हे विचारत होता. मी म्हणाले, "हां."

मला मुलगा नाही.

एक मुलगी आहे, दहावीत. तिला कॉम्प्युटर नको आहे. तिचं सगळं जग फोनात मावतं, मावत नाही ते माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उरकतं. नवऱ्याला तर घरात आणखी एक खोकं येणार या कल्पनेनेच धाप लागली होती. कॉम्प्युटर मला पाहिजे होता. एकेचाळीस वर्षांच्या, विमा हप्त्यांच्या तक्रारी निस्तरून पोट भरणाऱ्या मला. "मेरे लिए" एवढे दोनच शब्द होते. ते निघाले नाहीत आणि कधी न जन्मलेला एक मुलगा मात्र तोंडातून अलगद बाहेर पडला. "गेम खेलता होगा," माणूस म्हणाला. "थोडा थोडा," मी म्हणाले, म्हणजे त्या पोराला मी सवयीसुद्धा लावून टाकल्या. परतताना ग्रँट रोडहून दादर, दादरचा पूल, मग डोंबिवली फास्ट. बायकांच्या डब्यात मांडीवर मदरबोर्डचं खोकं, पायांत कॅबिनेट, आणि दिवा मागे पडेपर्यंत तो मुलगा डोक्यात.

दुकान लॅमिंग्टन रोडवरचं, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातलं. त्या रस्त्याला अशा दुहेरी नावांचं काही वाटू नये म्हणा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलं तर तोच वळून आपल्याकडे बघतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ एवढाच काळ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याला इथून जाऊन शतक उलटलं, रस्ता अजून त्याचाच. कागदावर एक, तोंडात दुसरं. त्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलं की नव्या पुठ्ठ्याचा, गरम झालेल्या प्लॅस्टिकचा आणि कुठून तरी तळल्या जाणाऱ्या समोशांचा असा एक मिश्र वास येतो. डोक्यावर चार-चार कॅबिनेटं घेतलेली पोरं "साइड, साइड" करत जातात. दुकानं खाली आहेत तेवढीच वर आहेत. पान खाऊन रंगवलेल्या जिन्याने पहिल्या मजल्यावर गेलं की भाव शे-दोनशेने उतरतो आणि वॉरंटीचा आवाजही उतरतो. "वॉरंटी कंपनी का है, अपना नहीं." आणि ठेवणीतलं वाक्य : "ये रेट अभी का है. शाम का मालूम नहीं."

यादी मी दीड महिना करत होते. कालनिर्णयच्या फाटलेल्या पानांमागे, भाजीच्या हिशेबाखाली. पोस्टातली आवर्ती ठेव पिकली होती आणि त्यातले चाळीस हजार मी मनातल्या मनात बाजूला काढले होते. मनातल्या मनात अशासाठी, की वॉशिंग मशीनचा ड्रमही त्याच सुमाराला खडखडायला लागला होता. जुना कॉम्प्युटर होता घरी. दादाने २०१४ साली जोडलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. त्याला मरण आलं नव्हतं, फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा आधार संपला, आणि विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम नावाची एक सुरक्षेची चिप लागते. मुलगी म्हणाली, "आई, लिनक्स टाक की, फुकट आहे." तिचं बरोबर होतं. लिनक्सवर तो आणखी पाच वर्षं चालला असता. ते मला ऐकायचं नव्हतं. मला जोडायचा होता.

बेताच्या पैशांत कॉम्प्युटर जोडणं हे लग्नाच्या याद्या करण्यासारखं असतं. एकाला बोलावलं की दुसऱ्याला टाळता येत नाही आणि खर्च कायम त्या माणसावर होतो जो फोटोत दिसणार नाही. आधी इंटेलच्या आय-थ्रीवर मन बसलं होतं, १२१००एफ. चार कोर, स्वस्त, चपळ. पण शेवटचा तो 'एफ' फसवा आहे. एफ म्हणजे त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहणार. मग जुनं कार्ड शोधा. बाजारात जुनी कार्डं पुष्कळ, पण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांकडून ते चलन कमावणं, बंद पडलं तेव्हा रात्रंदिवस राबवून घेतलेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात उतरली होती, आणि कुठलं कार्ड घरात राहिलेलं आणि कुठलं खाणीत हे चेहऱ्यावरून कळत नाही. शेवटी रायझन फाइव्ह ५६००जी. सहा कोर, आणि 'जी' म्हणजे ग्राफिक्स आतच. २०२१ चा प्रोसेसर, म्हणजे या धंद्यात पंचविशी उलटलेली स्थळं असतात तसा. पण सोशिक, पासष्ट वॅटमध्ये भागवणारा, डब्यातच स्वतःचा पंखा घेऊन येणारा. त्याला पीसीआयईची, म्हणजे आतल्या भागांना जोडणाऱ्या वाटेची, चौथी पिढी कळत नाही, तिसरीच कळते, त्यामुळे महागाची जेन-फोर, म्हणजे चौथ्या पिढीची, एसएसडी डिस्क त्याच्यापुढे टाकणं म्हणजे दूध पचत नसलेल्याला बासुंदी. हे कळलं तेव्हा यादीतले बाराशे रुपये एकदम वाचले आणि मला तो दिवसभर विनाकारण आनंद पुरला.

एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र अडून बसले. कॅबिनेटबरोबर "फ्री" मिळणारा, स्टिकरवर पाचशे वॅट लिहिलेला डबा हातात घेतला तर बिस्किटाच्या पुड्याएवढा हलका. जुनी माणसं कलिंगड जोखतात तसा तो जोखायचा असतो. आत तांबं आणि लोखंड असेल तर मनगटाला कळतं. चांगला साडेचारशे वॅटचा तीन हजारांना. तीन हजार अशा वस्तूसाठी, जिचं काम चोख झालं तर तिची आठवणसुद्धा कोणाला होणार नाही.

आणि मग रॅम. दिवाळीआधी माझ्या यादीत सोळा जीबी होती, आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोनच घ्यायच्या, कारण या 'जी'वाल्या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं आणि एका पट्टीने त्याची वाट अर्धी होते. मी म्हटलं, दिवाळीची गर्दी ओसरू दे, भाव उतरतील. डिसेंबरात गेले तेव्हा जेवढ्यात सोळा मिळत होती तेवढ्यात आठ मिळत होती. "एआय खा गया सब," माणूस म्हणाला. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींना घरगुती पट्ट्यांपेक्षा डेटा सेंटरची मेमरी बनवण्यात जास्त पैसा दिसतो. त्यातल्या मायक्रॉनने तर क्रुशल हा आपला घरगुती माल बंद करायचं त्याच महिन्यात जाहीर केलं. म्हणजे कुठे तरी कोणी तरी यंत्राला कविता करायला सांगतो आणि डोंबिवलीत माझ्या यादीतलं कॅबिनेट काचेचं होतं ते पत्र्याचं होतं. मी त्या माणसावर लगेच विश्वास ठेवला. बाबांनी ठेवला नव्हता.

तो १९९९ चा ऑक्टोबर. मी पंधरा वर्षांची, दादा एकोणीसचा, डिप्लोमाला. बाबा सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक, नंतर लिपिक. पतपेढीचं कर्ज काढून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि आम्ही तिघं याच रस्त्यावर आलो. दुकानदाराने विचारलं, किसके लिए? बाबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "लडके के लिए. इंजिनिअरिंग को है." मी दोन पावलं मागे, काचेच्या कपाटातले माउस बघत. सेलेरॉन, ४३३ मेगाहर्ट्झ. चौदा इंची मॉनिटर. हार्ड डिस्क सव्वाचार जीबीची, जी भरायची कशी याची दादाला काळजी. चौसष्ट एमबी रॅम ठरली होती, पण दुकानदार म्हणाला, भाव चढलाय, तैवान में भूकंप हुआ. बाबा दादाच्या कानात पुटपुटले, "भामटा आहे. कुठल्या कुठे तैवान!" शेवटी बत्तीस एमबीच घेतली. भूकंप खरा होता, २१ सप्टेंबरचा, आणि त्याने रॅमचे भाव जगभर खरंच उडवले होते. बाबांना ते पटलं नाही ते नाहीच. २०११ च्या दिवाळीत दादा हार्ड डिस्क घ्यायला गेला आणि थायलंडच्या पुराने तिचा भाव दुप्पट झाल्याचं सांगत हात हलवत आला, तेव्हाही बाबा एवढंच म्हणाले, "आता थायलंड का?"

पण त्या दिवशी बाबांनी एक विचित्र गोष्ट केली होती. पै-पैसाठी घासाघीस करणाऱ्या माणसाने कीबोर्डपाशी आल्यावर साधा तीनशेचा बाजूला सारला आणि टीव्हीएस गोल्ड मागितला, हजाराच्या वरचा. दुकानदाराने काउंटरवर ठेवल्यावर त्यांनी तो विकत घेण्याआधी वाजवून पाहिला. दहाही बोटं ठेवून, डोळे मिटून, हार्मोनियम पाहावी तसा. खट्, खट्, खट्. प्रत्येक कळ खाली जाताना मध्येच कुठे तरी मोडल्यासारखी होते आणि परत उसळते. "हा द्या," म्हणाले. हिशेब पुढे जायला लागला तेव्हा त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि खालची एक ओळ खोडली.

"स्पीकर नंतर बघू."

ते 'नंतर' दीड वर्षाने आलं. तोवर आमचा कॉम्प्युटर मुका होता. गाड्या आवाज न करता धडकायच्या, माणसं आवाज न करता मरायची. दादा आठवड्यातून दोनदा त्यावर प्रोग्रॅम लिहायचा, बाकीच्या वेळी त्यावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कापड. कापड काढून झाकण उघडणारी मी. स्वयंपाकघरातला पेचकस घेऊन, आई मंडईत गेली की. आत काय आहे हे बघायचं होतं आणि आत एक छोटं गाव होतं, पाण्याच्या टाक्यांसारखे कॅपॅसिटर, गल्ल्या, मध्ये पंख्याचं देऊळ. माझं नाव त्याच्याशी कधीच जोडलं गेलं नाही. "दादाच्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस" हे वाक्य मी त्याला हात लावतानाच ऐकलेलं आहे. आणि कीबोर्डवरचा राग वेगळा. हजार रुपये बटणांना, आणि आवाजाला शून्य.

अजून एक आठवतं. पहाटे पाचला, पाण्याच्या वेळी, हॉलमधून येणारी खट्खट. मला वाटायचं बाबा ऑफिसचं काम करतायत. एकदा नोटपॅडमध्ये त्यांचं पान उघडं राहिलं होतं. ए, एस, डी, एफ, जी, एफ. सेमीकोलन, एल, के, जे, एच, जे. पन्नास ओळी, त्याच. टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी देतात तो धडा. मी हसून दादाला बोलावलं होतं.

आता तो हसू आलेला क्षण आठवला की मान खाली जाते. बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे. मराठीची तीस शब्दांची परीक्षा पास झालेला माणूस. रेमिंग्टनच्या मराठी यंत्रावर न बघता पानं काढणारा. त्याच वर्षी साहेबांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला होता, यंत्रं एकेक करून कोपऱ्यात सरकत होती, आणि नव्या मुलांसमोर इंग्रजी अक्षरं एका बोटाने शोधायची पाळी येणार होती. ते हे कधी बोलले नाहीत, मी आपली तारखा आणि आवाज जुळवते आहे. चुकतही असेन. पण इंजिनिअर होणाऱ्या मुलासाठी कोणी कळांचा खोलपणा डोळे मिटून तपासत नाही.

तर या डिसेंबरात मी बोर्ड निवडला तो एका जांभळ्या भोकासाठी. माझा बी-४५०चा बोर्ड यादीतल्या दुसऱ्यापेक्षा चारशेने महाग होता, आणि दोघांत मला उपयोगी पडेल असा फरक एकच, मागच्या बाजूला पीएस-टूचा जुना गोल पोर्ट, अर्धा जांभळा, अर्धा हिरवा. बाबांचा कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माळ्यावर होता आणि त्याची वायर त्याच्यातच जाते. माणसाने प्रथमच वर बघितलं. "आजकल ये किसको लगता है? कन्व्हर्टर ले लो ना, देडसौ का." मला माहीत होतं की साधा सरळ जोड चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि तो चालेलच असं नाही. हे सगळं न सांगता मी म्हणाले, "बेटे को ये ही चाहिए." त्याने खांदे उडवले. अजब पोरगं असणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर लोकसत्ता पसरून बसले. आधी नळाला हात लावून आले, अंगातली स्थिर वीज उतरवायला, नवरा म्हणाला, "सोवळं का?" प्रोसेसर बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात शांत भाग. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचं. जोर लावायचा नाही, तो आपल्या वजनाने उतरतो. रॅमचं उलटं. तिथे अंगठ्यांनी इतकं दाबावं लागतं की बोर्ड वाकतो, आपण आठ-दहा हजार मोडले असं वाटतं आणि मग कट्ट होतं. कॅबिनेटच्या कडेने बोट कापलं. समोरच्या बटणांच्या त्या केसाएवढ्या वायरी, पॉवर, रिसेट, दिवा, फोनचा टॉर्च दातांत धरून लावल्या, त्यातल्या दोन उलट्या. साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

त्या काळ्या पडद्यापुढे मी वीस मिनिटं बसले. या वयात, या पैशांत, हे कोणी सांगितलं होतं, असा आईचा आवाज स्पष्ट आला. मुलगी पाणी प्यायला उठली, शेजारी येऊन बसली, आणि तिने फोनवरच्या बोर्डच्या चित्रावर बोट ठेवलं. "आई, इथे आठ पिनांची वायर दाखवलीय. तुझी कुठे?" माझी एसएमपीएसच्या पिशवीतच होती. प्रोसेसरची वीज. बाकी सगळ्या घराला वीज दिली होती आणि ज्याच्यासाठी घर होतं त्यालाच नव्हती. ती जोडल्यावर पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मुलगी म्हणाली, "भारी," आणि झोपायला गेली. एवढंच. मी मात्र दोनपर्यंत जागी होते, काही न करता, नुसती त्या पंख्याचा आवाज ऐकत.

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन आले. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. अठ्ठ्याहत्तर वय, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. टेबलावर त्यांचा कीबोर्ड होता, पांढऱ्याचा पिवळा झालेला, मी रात्री जुन्या ब्रशने घासलेला. त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि बोटं ठेवली. डोळे नाही मिटले. ए, एस, डी, एफ, जी, एफ. करंगळी थरथरते आता, सेमीकोलनवर दोनदा पडली.

"बाबा, दुकानदाराने विचारलं मुलासाठी का, तर मी हो म्हटलं."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग म्हणाले, "पतपेढीच्या फॉर्मवर रकाना होता, कर्जाचे कारण. स्वतःसाठी लिहिलं असतं तर कमिटीने परत पाठवला असता." स्पेसबार दाबून बघितला. तो पूर्वी उजवीकडे अडकायचा, अजूनही अडकतो.

"आवाज नाही येत याला?"

"स्पीकर बजेटमध्ये बसले नाहीत, बाबा."

ते हसले की खोकले ते कळलं नाही. "मग?"

"नंतर बघू," मी म्हटलं.